पत्नीला थॅलेसेमिया मायनर, पतीचा रिपोर्ट ‘सीमारेषेवर’: बाळाआधी काय तपासावं?

प्रश्न: माझं वय २९. कॉलेजात असल्यापासून माझं हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलेलं नाही. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शेवटच्या वेळी सलग ८ महिने घेतल्या, तरी आकडा तिथेच. आता बाळाचा विचार सुरू केल्यावर नव्या डॉक्टरांनी नीट तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन १०.९, लाल पेशी ५.६ दशलक्ष, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६३, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) १९.५, फेरिटिन (लोहाचा साठा) ८८, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए२ ५.३ टक्के. निदान थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या जनुकीय आजाराचा सौम्य प्रकार. पतीचं हिमोग्लोबिन १३.९, लाल पेशी ५.५ दशलक्ष, एमसीव्ही ७७, एमसीएच २५.३, ए२ ३.४ टक्के. त्यांच्या रिपोर्टखाली लॅबने ‘सीमारेषेवर, बहुधा नॉर्मल’ असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, एकालाच मायनर असेल तर मुलाला काही होत नाही. माझ्या धाकट्या भावालाही मायनर निघालं, पण त्याचं हिमोग्लोबिन १३.१ आहे आणि तो दिवसभर खेळतो-पळतो. एकाच आईवडिलांची मुलं, एकच दोष, मग मीच का थकते? गोळ्या चालू ठेवू का? मायनरचं पुढे मेजर होईल का? आणि बाळाचं काय?

उत्तर: तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. सासूबाईंचं म्हणणं नियम म्हणून बरोबर आहे. आईवडिलांपैकी एकच जण वाहक, म्हणजे तुमच्यासारखा मायनर, असेल तर मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा तीव्र आजार, होत नाही. फार तर तेही तुमच्यासारखंच मायनर होईल. पण तुमच्या घरात ‘एकालाच’ हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या पतीचा रिपोर्ट नॉर्मल नाही आणि बिघडलेलाही नाही, तो अपुरा आहे. एमसीव्ही ८० च्या खाली, एमसीएच २७ च्या खाली आणि ए२ ३.२ ते ३.९ च्या मधल्या पट्ट्यात असलेल्या माणसाची पत्नी पक्की वाहक असेल, तर ‘बहुधा’ या शब्दावर गर्भधारणा सोडू नये. त्यांची डीएनए तपासणी व्हायला हवी, आणि ती गर्भधारणेच्या आधी.

असं का, हे समजायला हिमोग्लोबिनची घडण थोडी पाहावी लागेल. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीची जनुकं १६ व्या गुणसूत्रावर असतात, आईकडून दोन आणि वडिलांकडून दोन, अशी एकूण चार. बीटाचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर, दोघांकडून एकेक, म्हणजे एकूण दोनच. बीटाच्या शेजारीच डेल्टा नावाचं कमजोर जनुक असतं. अल्फा आणि डेल्टा मिळून जे हिमोग्लोबिन बनतं तेच ए२. निरोगी माणसात ते एकूण हिमोग्लोबिनच्या साधारण २ ते ३.२ टक्के असतं. त्याच रांगेत गॅमा जनुकंही असतात. गर्भात असताना आपलं बहुतेक हिमोग्लोबिन अल्फा आणि गॅमाचं, म्हणजे ‘एफ’ प्रकारचं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं काम जवळजवळ बंद पडतं आणि बीटाचं पूर्ण सुरू होतं.

तुमच्या दोन बीटा जनुकांपैकी एक बिघडलेलं आहे. बीटा साखळ्या कमी पडल्या की अल्फा साखळ्यांशी जोडी जमवायला डेल्टाला जास्त वाव मिळतो, म्हणून ए२ चढून ५.३ झालं. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरलं गेलं, म्हणून पेशी लहान राहिली आणि एमसीव्ही ६३ वर आला. ही तूट भरून काढायला अस्थिमज्जा पेशींची संख्या वाढवते, म्हणून लाल पेशी ५.६ दशलक्ष. लोहाच्या कमतरतेत असं सहसा होत नाही. तिथे कच्चा मालच संपलेला असतो, त्यामुळे पेशी लहानही होतात आणि संख्येनेही कमी. यावरूनच १९७३ मध्ये मेन्ट्झर या डॉक्टरांनी एक सोपा हिशेब सुचवला: एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागा. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. तुमचं उत्तर ११.२५ येतं. इतकी वर्षं दर रिपोर्टवर हे दोन्ही आकडे छापलेले असणार. कुणी भागाकार केला असता तर ८ महिन्यांच्या गोळ्या वाचल्या असत्या.

पतीचा भागाकार मात्र १४ येतो. तो पाहून ‘यांना लोह कमी आहे, बाकी काही नाही’ असं म्हणण्याचा मोह होईल. तो टाळा. हा हिशेब संशय घ्यायला उपयोगी आहे, संशय मिटवायला नाही. आणि त्यांचं फेरिटिन तर अजून केलेलंच नाही.

आता ए२ ३.४ या एका आकड्यामागे काय काय असू शकतं ते पाहा. सगळ्यात साधी शक्यता अशी की ते वाहक नाहीतच, फक्त लोह कमी आहे, आणि ए२ नॉर्मलच्या वरच्या टोकाला आहे एवढंच. पण लोहाची कमतरता ए२ ला खाली ओढते, त्यामुळे मुळात ३.८ असलेला आकडा ३.४ दिसत असण्याचीही शक्यता आहे. दुसरी शक्यता अल्फा जनुकांची: चारपैकी एक किंवा दोन गळालेली असली की पेशी थोड्या लहान राहतात, पण ए२ वाढत नाही. तिसरी ‘मूक’ बीटा म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या सहज न दिसणाऱ्या बदलाची. यात बीटा जनुक थोडंच मंदावतं, ए२ जेमतेम हलतं. जनुक चालू करणाऱ्या भागातला ‘उणे १०१’ या जागेवरचा बदल हे याचं नेहमीचं उदाहरण. चौथी, केएलएफ१ नावाच्या जनुकातला बदल. हे जनुक बीटाचा कारभार पाहतं. त्यात फरक असला तर ए२ नेमकं सीमारेषेवर येतं, एफ थोडं वाढलेलं असू शकतं, आणि त्या माणसाला काहीच त्रास नसतो.

पाचवी शक्यता आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीटा जनुकात तुमच्याइतकाच मोठा बिघाड, आणि सोबत डेल्टा जनुकातही बिघाड. डेल्टा साखळीच कमी बनत असेल तर ए२ वाढणार कसं? अशा माणसाचं ए२ ३.४ काय, ३ सुद्धा दिसू शकतं, आणि तरी तो पूर्ण वाहक असतो. अशा जोडप्याच्या पोटी मेजरचं मूल जन्मलं की ‘दोघांची तपासणी केली होती, एकच वाहक होता’ असं सांगितलं जातं, आणि ते सांगणं खोटंही नसतं. तपासणी झालेली असते, फक्त ती अर्ध्यावर थांबलेली असते. त्यांच्या एमसीव्हीकडे पाहता ही शक्यता कमी आहे, कारण बीटाचा मोठा बिघाड असेल तर पेशी सहसा याहून लहान असतात. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि इथे चुकलं तर भोगणार मूल.

म्हणून पतीसाठी पुढचा क्रम असा ठेवा. पहिल्या रक्तनमुन्यात फेरिटिन, सोबत सीआरपी, बी१२ आणि थायरॉइड. सीआरपी अशासाठी की अंगात कुठेही सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. बी१२ आणि थायरॉइड अशासाठी की बी१२ ची कमतरता आणि वाढलेलं थायरॉइड या दोन्हींत ए२ थोडं वर जाऊ शकतं. बी१२ कमी असताना पेशी फुगतात आणि खरा लहान एमसीव्ही झाकला जातो, हा आणखी एक घोटाळा. ते एचआयव्हीवरची झिडोव्हुडिनसारखी औषधं घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्यानेही एमसीव्ही वाढतो. गेल्या ३-४ महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीचे आकडे दात्याच्या पेशींमुळे बदललेले असतात, मग ती तपासणी पुढे ढकलावी.

फेरिटिन ३० च्या खाली निघालं तर लोहाचा कोर्स सुरू करावा आणि साधारण ३ महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी पुन्हा करावी. मात्र हे ३ महिने संपेपर्यंत डीएनए तपासणी थांबवू नका. डीएनएला लोहाशी काही देणंघेणं नाही. तो नमुना त्याच दिवशी देता येतो. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत काही मिलिलिटर रक्त पुरतं.

डीएनए तपासणीचा अर्ज भरताना लॅबला एक प्रश्न नक्की विचारा: तुम्ही ठरावीक म्युटेशन शोधता, की पूर्ण जनुक वाचता? कित्येक ठिकाणी नेहमी आढळणारी मोजकी म्युटेशन तपासतात आणि ती सापडली नाहीत की ‘निगेटिव्ह’ लिहितात. बीटा जनुकाची ३०० हून अधिक म्युटेशन माहीत आहेत, तेव्हा अशा निगेटिव्हचा अर्थ ‘या मोजक्यांपैकी नाही’ एवढाच. तुमच्या पतीसाठी बीटा जनुक चालू करणाऱ्या भागासकट पूर्ण वाचलं गेलं पाहिजे, सोबत डेल्टा जनुकही. जनुकाचा अख्खा तुकडाच गळालेला असेल तर तो नुसत्या वाचनात सुटून जातो, कारण दुसरी चांगली प्रत वाचली जाते आणि सगळं ठीक दिसतं. त्यासाठी एमएलपीए नावाची प्रती मोजणारी तपासणी लागते. अल्फाच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे, कारण अल्फा थॅलेसेमियात बहुतेक वेळा जनुक बिघडलेलं नसतं, गळालेलं असतं. बीटा आणि डेल्टा स्वच्छ निघाले तर पुढे केएलएफ१.

त्याच दिवशी तुमचाही डीएनए नमुना द्या. तुम्ही वाहक आहात हे ए२ वरून पक्कं आहे, पण तुमचं नेमकं म्युटेशन कोणतं हे अजून माहीत नाही. काही म्युटेशनमध्ये त्या जनुकातून बीटा साखळी मुळीच बनत नाही, काहींत थोडी बनते. मुलाचा आजार किती तीव्र असेल याचा अंदाज दोघांची म्युटेशन शेजारी शेजारी ठेवूनच बांधता येतो. गर्भाची तपासणी करायची वेळ आली तर काय शोधायचं हेही आधीच माहीत असावं लागतं.

निकाल आल्यावर चित्र बरंच स्पष्ट होईल. पतीकडे फक्त अल्फाची एक-दोन जनुकं कमी निघाली, तर तुमच्याकडून बीटाचा आणि त्यांच्याकडून अल्फाचा दोष घेतलेलं मूल बहुधा तुमच्याहून सौम्य मायनर असेल. त्याचं कारण पुढे येतंच. फक्त दोन्ही अल्फा जनुकं एकाच गुणसूत्रावरून गळालेली असतील तर तुमची अल्फा जनुकंही तपासावी लागतील, कारण तो दोष दोघांकडून आला तर अल्फाचा वेगळा आणि गंभीर आजार होऊ शकतो. केएलएफ१ निघालं तर मेजरची भीती नाही. मूक बीटा निघालं तर तुमच्या म्युटेशनबरोबर मिळून मुलाला मेजर नव्हे, पण इंटरमीडिया म्हणजे मधल्या तीव्रतेचा आजार होऊ शकतो. तो कित्येकदा बराच सौम्य असतो. मोठं बीटा म्युटेशन निघालं तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत ४ पैकी १ शक्यता मेजरची, ४ पैकी २ मायनरची आणि ४ पैकी १ दोषमुक्त मुलाची. ही शक्यता दर वेळी नव्याने लागू होते. पहिलं मूल आजारी जन्मलं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही.

मेजरबद्दल स्पष्ट बोलणं गरजेचं आहे. बाळ जन्मतः चांगलं दिसतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन तेव्हा गॅमाच्या जोरावर चाललेलं असतं. ६ महिने ते २ वर्षांच्या दरम्यान ते पांढरं पडू लागतं, अंग धरत नाही, पोटात प्लीहा वाढते. मग दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त चढवणं आयुष्यभरासाठी. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. उरलेलं हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचतं, म्हणून लोह काढणारी औषधंही कायमची. नीट उपचार मिळालेली मुलं मोठी होतात, शिकतात, संसार करतात. जुळणारा दाता मिळाला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बराही होतो. पण ही वाट लांब आणि दमवणारी आहे, आणि आईवडिलांनी ती आंधळेपणाने नव्हे, माहिती घेऊन निवडावी.

दोघंही वाहक निघालात तर तुमच्यापुढे पर्याय असतील. गर्भधारणेच्या ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाचा डीएनए तपासता येतो. १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून. या दोन्हींत गर्भपाताचा जादा धोका अनुभवी हातांत १ टक्क्याहून कमी असतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकू शकतो, तेव्हा लॅब ही मिसळ तपासते ना, हे विचारून घ्या. दुसरा मार्ग आयव्हीएफचा: गर्भ प्रयोगशाळेत वाढवून, तपासून, मेजर नसलेला गर्भच गर्भाशयात सोडायचा. तिसरा, सगळी माहिती घेऊन निसर्गावर सोडायचं आणि जन्मानंतर लगेच बाळाचा डीएनए पाहायचा. यातला कोणता घ्यायचा हे ठरवणं तुमच्या दोघांचं काम. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाबरोबर एक बैठक गर्भधारणेआधीच करा. बाळंतपणानंतर बाळाची घाईने एचपीएलसी करून मायनर आहे का ते पाहू नका. तेव्हा एफ इतकं असतं की ए२ चा अर्थच लागत नाही. ती वर्षानंतर करावी.

आता भावाबद्दल. तुमच्या पत्रातला हा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण रक्ताच्या आजारांत जनुकं कशी काम करतात त्याचं मर्मच त्यात आहे.

तुमच्या आणि भावाच्या हिमोग्लोबिनमध्ये २.२ चा फरक आहे. त्यातला बराचसा तर स्त्री-पुरुष फरकच आहे. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला जोर देतं आणि मासिक पाळीतून लोह जात नाही, त्यामुळे कोणत्याही कुटुंबात भावाचं हिमोग्लोबिन बहिणीपेक्षा साधारण १ ते २ ग्रॅम जास्तच असतं. उरलेल्या फरकामागे इतर जनुकं असू शकतात. बीटाचा दोष तुम्हा दोघांना एकाच पालकाकडून आला, पण बाकीची जनुकं सारखी वाटली गेली नाहीत.

अल्फा आणि बीटा साखळ्या ही तराजूची दोन पारडी समजा. थॅलेसेमियात खरा त्रास बीटा कमी पडण्याने जितका होतो, तितकाच जोडी न मिळालेल्या अल्फामुळे होतो. या एकट्या अल्फा साखळ्या पेशीत गोळा होऊन साका धरतात, पेशीचं आवरण फाडतात, आणि पेशी अस्थिमज्जेतच मरते. म्हणूनच बीटाचा दोष असलेल्या माणसाची एक-दोन अल्फा जनुकंही कमी असतील, तर त्याचं दुखणं वाढत नाही, घटतं. दोन दोष एकमेकांना सावरतात. याच्या उलट, काहींना अल्फाची चारऐवजी पाच जनुकं मिळालेली असतात. एरवी त्याने काहीच बिघडत नाही. पण सोबत बीटाचा मायनर असेल तर तोल आणखी ढळतो, आणि कागदावर ‘मायनर’ असलेला माणूस प्रत्यक्षात इंटरमीडियासारखा आजारी असू शकतो: हिमोग्लोबिन ९ च्या खाली, डोळे पिवळे, प्लीहा वाढलेली, कमी वयात पित्ताशयात खडे. तुमच्या आकड्यांवरून तसं वाटत नाही. पण यातलं एखादं लक्षण असेल तर डीएनए तपासणीत अल्फाच्या प्रती मोजून घ्या.

दुसरा मोठा प्रभाव गॅमाचा. जन्मानंतर गॅमा बंद करण्याचं काम मुख्यतः बीसीएल११ए हे जनुक करतं. काहींत त्याची पकड जन्मतःच थोडी सैल असते, त्यांचं एफ थोडं जास्त राहतं, आणि जादा अल्फांना गॅमाची जोडी मिळते. मेजर असलेल्या दोन मुलांत एकाला १ वर्षाआधी रक्त लागतं आणि दुसऱ्याला ४ वर्षांपर्यंत लागत नाही, यामागे कित्येकदा हेच कारण असतं. याच पकडीला मुद्दाम सैल करणारी जनुकसंपादनाची उपचारपद्धती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा मंजूर झाली. निसर्गात दिसलेल्या एका फरकाचं औषध झालं, याचं आम्हाला मनापासून अप्रूप वाटतं. मात्र त्यासाठी रुग्णाच्याच मूळपेशी काढून, बदलून, जोरदार केमोथेरपीनंतर परत द्याव्या लागतात. तिच्या भरवशावर आजची तपासणी टाळू नये.

याशिवाय बारीक फरक असंख्य आहेत. २०२० मध्ये ७ लाख ४६ हजारांहून अधिक लोकांच्या डीएनएचा आणि रक्ताच्या आकड्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांची संख्या आणि आकार यांच्याशी जोडलेले हजारो जनुकीय फरक एव्हाना सापडले आहेत. त्यातला बहुतेक प्रत्येक फरक आकडा अगदी किंचित हलवतो. उदाहरणार्थ टीएमपीआरएसएस६ हे जनुक आतड्यातून लोह किती शोषायचं ते ठरवणाऱ्या हेपसिडिनवर लगाम ठेवतं. त्याचा एक अगदी सर्वसामान्य प्रकार अंगात असला की लोह आणि पेशींचा आकार दोन्ही जरासे कमी राहतात. म्हणून ‘नॉर्मल रेंज’ही सगळ्यांना सारखी लागू होत नाही. डफी नावाचा पृष्ठघटक ज्यांच्या लाल पेशींवर नसतो त्यांच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जन्मभर कमी मोजल्या जातात, आणि तरी त्यांना संसर्ग जास्त होत नाहीत. हे माहीत नसल्याने निरोगी माणसांची औषधं उगाच थांबवली गेल्याची उदाहरणं आहेत.

तुमच्या थकव्याचं कारण मात्र मायनर आहे असं धरून बसू नका. १०.९ हिमोग्लोबिन जन्मापासून असेल तर शरीर त्याला सरावलेलं असतं. थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, झोप आणि पाळीतला रक्तस्राव हे नीट पाहून घ्या. ‘तुम्हाला थॅलेसेमिया आहे ना, मग थकणारच’ हे उत्तर कुणी दिलं तर ते पुरेसं मानू नका.

मायनरचं मेजर होत नाही. कोणती जनुकं मिळणार हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं आणि पुढे बदलत नाही. आणि यात तुमची किंवा आईवडिलांची काही चूकही नाही. जगातले सुमारे दीड टक्का लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. मलेरियाच्या प्रदेशांत या वाहकांना थोडं संरक्षण मिळत असावं आणि म्हणून हा दोष टिकला असावा, असा विचार हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्येच मांडला होता. पुढच्या संशोधनाने त्याला बळ मिळालं.

गोळ्या आता थांबवा. फेरिटिन ८८ म्हणजे साठा पुरेसा आहे, आणि पेशी लहान आहेत त्या लोहाअभावी नाहीत. वर्षानुवर्षं नको असलेलं लोह घेत राहण्यात फायदा काहीच नाही. पण ‘थॅलेसेमियात लोह कधीच घ्यायचं नाही’ असं टोकाचं ऐकलंत तर तेही खरं नाही. मायनर असलेल्या बाईला लोहाची कमतरता होऊ शकते, गरोदरपणात तर सहज. तेव्हा निर्णय हिमोग्लोबिनवर नको, फेरिटिनवर घ्यायचा. फेरिटिन ३० च्या खाली गेलं की लोह इतर गरोदर स्त्रियांसारखंच घ्यायचं. मधल्या महिन्यांत रक्तातलं पाणी वाढल्याने तुमचं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास येऊ शकतं. तेव्हा घाबरून शिरेतून लोह देण्याआधी फेरिटिन बघा, असं डॉक्टरांना आठवण म्हणून सांगा. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी सुरू करा. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम असतो, थॅलेसेमियात काही डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी एचबीए१सीवर विसंबू नका. लाल पेशींचं आयुर्मान वेगळं असलं की तो आकडा फसवू शकतो. ग्लुकोज पाजून केलेली तपासणीच करावी.

भावाला सांगा की त्याच्या जोडीदाराची सीबीसी आणि एचपीएलसी लग्नाआधी किंवा निदान मुलाचा विचार करण्याआधी व्हावी, आणि फक्त एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून एचपीएलसी टाळू नये. सिकल सेलच्या वाहकाचा एमसीव्ही अगदी नॉर्मल असतो. पण बीटा थॅलेसेमियाचा दोष एका बाजूने आणि सिकलचा दुसऱ्या बाजूने आला तर मुलाला सिकल सेलचा आजार होतो. हिमोग्लोबिन ई, म्हणजे बीटा साखळीतल्या एका बदलामुळे बनणारा वेगळा प्रकार, याच्याबरोबरची जोडीही अशीच त्रासदायक ठरू शकते. कित्येक यंत्रांत हिमोग्लोबिन ई हे ए२ च्याच जागी दिसतं. तेव्हा रिपोर्टात ए२ २५ ते ३० टक्के छापलेलं असेल तर ते ए२ नव्हे, हे ओळखायला हवं. त्यासाठी नुसता आकडा नाही, यंत्राने काढलेला आलेखही लॅबकडून मागून घ्यावा.

हे सगळं होण्याआधीच दिवस राहिले, तर घाबरू नका, पण एक दिवसही थांबू नका. दोघांचे डीएनए नमुने त्याच आठवड्यात द्या आणि अर्जावर ‘गर्भवती, किती आठवडे’ हे ठळक लिहा, म्हणजे लॅब ते आधी हाती घेईल. निकालाला काही आठवडे लागू शकतात आणि वारेच्या तपासणीची मुदत ११ ते १४ आठवड्यांचीच आहे. ती हुकली तर गर्भजलाची तपासणी उरते.